जागा सांगायची नसते

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

वाहिनीचा माइक तोंडापुढे आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "खडपे बंदराच्या मच्छीमारांनी अडाणीपणाने परदेशी यंत्रणा निकामी केली आणि त्यामुळे एक जीव गेला." यातलं अर्धं खरं आहे. तेवढ्याच अर्ध्यावर तुम्ही बढती घेऊन गेलात. उरलेलं अर्धं कुणी विचारलं नाही, म्हणून आज मी लिहितोय. पाचवीत शाळा सुटली, लिहिणं मालवाहू बोटीच्या भटारखान्यात स्वतःच्या हाताने शिकलो. भाषा खरखरीत लागली तर लागू दे.

त्या दुपारी माझी बहीण शालन तुमच्या किनारा सुरक्षा केंद्रात उभी होती. पदर घट्ट खोचलेला, हातात चप्पल, कारण वाळूतून पळत आली होती. मी तिच्या मागे.

"माझ्या घोवाची होडी इली नाय," ती म्हणाली. "सगळ्यांची इली. वारो फिरलो तेव्हाच सगळे परतले. भिवा तेवडो नाय."

पडद्यासमोर बसलेला तुमचा ऑपरेटर सज्जन पोरगा. त्याने तिच्या नवऱ्याच्या, भिवाच्या होडीचा नंबर दाबला आणि हसला. "बाई, ही बघा. हिरवा ठिपका. खाडीच्या तोंडाशीच आहेत. घरी जा, चहा ठेवा. पोचतील इतक्यात."

शालन त्या ठिपक्याकडे बघतच राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही सोसत नाही. कारण ऑपरेटरला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. खाडीच्या तोंडाशी भिवा नव्हता. तिथे भिवाचा डबा होता.

हा डबा काय ते आधी सांगतो.

मुंबईवर समुद्रातून माणसं चालून आली, त्यानंतर सरकारला आमचा किनारा दिसला. त्याआधी तो नकाशावरची निळी रेघ होता. मग एका थंड, दूरच्या देशाने मदत देऊ केली. त्या देशाचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. त्यांनी एक राखाडी गस्ती बोट दिली, एक भिंतभर पडदा दिला, आणि प्रत्येक होडीला एक नारिंगी डबा दिला. डबा होडीवर असला की पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. आपली होडी कुठली आणि परकी कुठली, लगेच कळायचं. बुडायची वेळ आली तर त्यावर लाल बटण. काम चांगलं होतं. मी आजही म्हणतो, चांगलं होतं.

डब्यांबरोबर एक माणूस आला. आर्वीद त्याचं नाव. गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचा अरविंद केला. सहा फूट उंच, मान भाजून लाल झालेली, केस वाळक्या काथ्यासारखे. त्याची इंग्रजी आणि माझी बोटीवरची इंग्रजी, दोन्ही मोडक्या, म्हणून चांगली जुळली. मी त्याचा दुभाषी झालो. माणूस शिकवायला आला होता, पण दारात चप्पल काढायचा, तिसऱ्या आठवड्यात सोलकढी मागून प्यायला लागला. मुळात तो कोळ्याचाच पोर होता. थंड समुद्रातला कोळी, एवढाच फरक.

आता आमचा एक कायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही. जागा सांगायची नसते. समुद्रात कुठे मासा लागतो ती होडी हाकणाऱ्या प्रत्येक तांडेलाची स्वतःची जागा. देवळाचा कळस अमुक माडाच्या रेषेत आला आणि डोंगराचा कडा तमुक खडकामागे लपला की जाळं सोडायचं, हे बापाने मुलाला होडीतच दाखवायचं, तेही मिसरूड फुटल्यावर. बायकोला नाही, भावाला नाही. कुणी विचारलं "खय गेललंस?" तर उत्तर एकच, "हयच, जवळ." हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे खोटं आहे. त्यात राग नाही.

आणि तुम्ही काय केलंत? तो भिंतभर पडदा केंद्राच्या दर्शनी हॉलमध्ये लावलात. पाहुण्यांना दाखवायला. मंत्री आले, दाखवला. शाळेच्या सहली आल्या, दाखवला. आणि बड्या ट्रॉलरवाल्यांची माणसं रोज तुमच्याकडे चहाला यायची, ती तुमच्या सोफ्यावर बसून आमचे हिरवे ठिपके बघत बिस्किटं बुडवायची. महिना झाला नाही तोवर आमच्या जागांवर ट्रॉलर फिरायला लागले. पास्कू फर्नांडिसच्या आज्याची जागा एका सकाळीत खरवडून नेली.

मी तुमच्याकडे आलो होतो. आठवतं? अरविंदही होता. तो म्हणाला, पडदा आतल्या खोलीत न्या, वाचवणाऱ्याशिवाय कुणी बघता कामा नये. तुम्ही म्हणालात, "पारदर्शकता हा या प्रकल्पाचा आत्मा आहे." मी त्याचं भाषांतर केलं.

मग गावाने आपल्या डोक्याने उपाय केला. भागूआजो म्हणून एक म्हातारे होते, डोंगी घेऊन खाडीच्या तोंडाशी दिवसभर कुर्ल्या पकडायचे. पहाटे समुद्रात जाताना प्रत्येकाने आपला डबा आज्यांच्या डोंगीत टाकायचा, येताना उचलायचा. म्हातारा डब्यांच्या राशीवर राजासारखा बसायचा. "सगळ्या गावाचो जीव माझ्या ढुंगणाखाली आसा," म्हणायचा आणि खोकेपर्यंत हसायचा.

पडद्यावर सगळं खडपे बंदर एकाच ठिकाणी मासे मारताना दिसायला लागलं. तुम्हाला महिनोन् महिने कळलं नाही. अरविंदला पहिल्याच दिवशी कळलं. त्याने मला बाजूला घेतलं. "वामन, तुमचे सगळे मासे खाडीच्या तोंडाशी राहायला आले काय?"

मी म्हटलं, "मोसम आहे."

तो असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आमच्याकडे हे डबे आले तेव्हा माझ्या बापाने आपला डबा बंदरातल्या एका तरंगत्या बोयाला बांधून ठेवला होता. आपली माशाची जागा त्याने आईला पण सांगितली नाही. तसाच मेला." मग हसणं थांबलं. "पण लाल बटण तरी होडीवर ठेवा रे. बटण वेगळं काढता येतं का, मी बघतो."

तो बघत होता. त्याच्या देशाकडे मागणी गेली होती. तेवढ्यात ती दुपार आली.

तर शालन हिरव्या ठिपक्याकडे बघत उभी होती. मी सांगितलं नाही तर गस्ती बोट खाडीच्या तोंडाशी जाणार आणि एका म्हाताऱ्याला शोधून काढणार. सांगितलं तर सगळा गाव तुमच्या कचाट्यात. मी तोंड उघडायच्या आत शालननेच उघडलं.

"तो डबो भागूआजोच्या डोंगीत आसा. सगळ्यांचे थंयच ऱ्हवतत. माझो घोव समुद्रात खय आसा, ता तुमच्या ह्या टीव्हीक ठावक नाय."

तुम्ही केबिनमधून बाहेर आलात. चेहरा तापलेला. "सगळ्यांचे? म्हणजे आजवर आम्हाला… एकेकावर गुन्हा दाखल करतो! परदेशी मालमत्ता आहे ही! राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे!"

अरविंदला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तो तुमच्या आणि शालनच्या मधे येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "साहेबांना सांग, गुन्हे उद्यापण दाखल होतात. उजेड उद्यापर्यंत थांबणार नाही. तो नेहमी कुठे जातो, एवढं विचार."

मी शालनला विचारलं. ती म्हणाली, "माका कसा ठावक असतला, दादा? तेणी सांगल्यान तर तो तांडेल कसलो?"

एव्हाना गाव हॉलमध्ये गोळा झालं होतं. ओल्या चड्ड्या, खारट अंगं, फरशीवर पाणी. तापाने पडलेला एक सोडून सगळे तांडेल. भिवाबरोबर होडीत दोन खलाशी होते, गणपा आणि जनू, त्यांच्या घरचे दाराशी. अरविंद पडद्यापुढे गेला आणि सगळ्यांकडे वळला. मी त्याचं बोलणं सांगत गेलो.

"भिवाची जागा मला ठाऊक नाही. तुम्हालाही नसेल. पण तुमच्या जागा तुम्हाला ठाऊक आहेत. जिथे तुम्ही असता तिथे भिवा नसतो. आपापली जागा दाखवा. तेवढा समुद्र मी सोडून देतो. उरलेल्यात शोधतो."

एकही माणूस हलला नाही. सोफ्यावर ट्रॉलरवाल्यांची दोन माणसं होती. त्यांनी चहाचे कप खाली ठेवले होते आणि पुढे सरकून बसली होती.

मी तुम्हाला म्हटलं, "साहेब, त्यांना बाहेर काढा."

तुम्ही काढलंत. ते मी नाकारत नाही. दार लावून घेतलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "माणसं सापडली की पडद्यावरच्या सगळ्या खुणा पुसल्या जातील. माझा शब्द."

तरी कुणी हलेना. तुम्हाला वाटलं असेल, काय दगडाची माणसं. दगडाची नव्हती. उद्या पोरांना काय घालायचं ते त्या जागेत होतं. आजा-पणजाने दाखवलेली खूण अशी उघड्यावर दाखवणं म्हणजे आईची साडी चौकात फेडण्यासारखं होतं. आणि तरी भिवा त्यांचाच होता.

शालन त्यांच्यासमोर गेली. रडली नाही. एकेकाचं नाव घेऊन बोलली.

"पास्कूदादा, तुझ्या लग्नात भिवान वरातीत नाचान पाय मोडून घेतल्यान. इब्राहीमचाचा, तुमची होडी फुटली तेव्हा दोन महिने आमची होडी तुमच्या दारात होती. संतू, तुज्याबद्दल तर मी बोलतच नाय, तू आमच्या घरात जेवूनच वाढलंस. आता गप ऱ्हवा. भिवा मेलो की त्याच्या दिसांक येवा आणि पोटभर जेवा."

इब्राहीमचाचा सगळ्यांत म्हातारे. ते काठी टेकत पडद्यापर्यंत गेले. बोट टेकवलं. "हय," ते म्हणाले. "माज्या बाबाची जागा. या अल्ला." अरविंदने तिथे लाल वर्तुळ काढलं.

मग पास्कू गेला. मग संतू. मग एकामागून एक. कुणी बोट टेकवून लगेच मागे घ्यायचा, जसा काही चटका बसला. एकाने डोळे मिटून दाखवलं. लाल वर्तुळं वाढत गेली आणि समुद्र लहान होत गेला. पण पुरेसा लहान होईना. शेवटी दोन तुकडे राहिले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. अरविंदने खिडकीबाहेर बघितलं. "एकच जमेल," तो म्हणाला. "एक निवडावा लागेल."

तेव्हा मागून आवाज आला. "दक्षिण."

बुधाजी मेतर. गेली कित्येक वर्षं भिवाशी एक शब्द न बोललेला. दोघांची भांडणं अशी की एकाची होडी किनाऱ्याला लागली की दुसरा पाठ फिरवायचा. तो अजून दाराशीच होता. मान खाली.

"तुका कसा ठावक?" शालनने विचारलं.

बुधाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. आमच्यात चोर म्हटलेलं चालतं, दारुडा म्हटलेलं चालतं. पण दुसऱ्याच्या मागून जाऊन त्याची जागा मारणारा, त्याच्या घरी कोणी मुलगी देत नाही.

"मी त्याच्या मागसून जातंय," तो म्हणाला. "तो सोडून गेलो की मी जाळा टाकतंय. लय वर्सां झाली." मग एकदम ओरडला, "आता बगत काय ऱ्हवल्यात? थुकायचा आसा तर नंतर थुका! बोट काडा!"

कोणी थुंकलं नाही. वाट करून दिली.

गस्ती बोटीवर अरविंद, तुमची माणसं, बुधाजी आणि मी. तुम्ही किनाऱ्यावर थांबलात, वरिष्ठांना फोन करायचे होते. लाटा आडव्या येत होत्या. त्या राखाडी बोटीचं नाक आपटायचं आणि सगळं अंग हादरायचं. बुधाजी पुढे कठडा धरून उभा होता. धुरकट किनाऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. कळस दिसेना, माड दिसेना.

"अजून पुढे," तो म्हणायचा. "अजून." मग हात वर केला. "हय. भिवाची जागा ही."

पाणी. नुसतं पाणी.

अरविंद म्हणाला, "जागा ही. पण तो इथे कसा राहील? वारा दुपारपासून त्याला ओढतोय." त्याने वाऱ्याकडे गाल केला, मग बोटीवरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी मोजलं, आणि बोट किनाऱ्यापासून दूर, तिरकी घ्यायला लावली. बुधाजीने मला विचारलं, "ह्या गोऱ्याक समजता काय?" मी म्हटलं, "कोळ्याचो पोर आसा." बुधाजी म्हणाला, "मग चलांदे."

पहिल्यांदा निळं पिंप दिसलं. मग फळी. मग उलटी पडलेली होडी, कासवाच्या पाठीसारखी, आणि तिच्यावर दोन माणसं. गणपा बेशुद्ध होता, भिवाने त्याला जाळ्याच्या दोरीने स्वतःला बांधून घेतलं होतं. जनू नव्हता.

अरविंदने पाण्यात उडी टाकली. आम्ही दोघांना वर ओढलं. भिवा बोटीत पडला, खारं पाणी ओकला, डोळे उघडले. समोर बुधाजी.

"तू?" भिवा म्हणाला. आवाज फुटत नव्हता, नुसती घरघर होती. "तुका कसा कळला मी हय आसतलंय म्हणान?"

"मेल्या," बुधाजी म्हणाला आणि त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं, "तुज्या मासळीर माजा घर बांदलेला आसा."

भिवाने त्याच्याकडे बघितलं. मग शिवी घालायला तोंड उघडलं, पण त्यातून हुंदका आला. "जनू," तो म्हणाला. "जनूचो हात सुटलो माज्या हातातसून."

आम्ही अंधार पडेपर्यंत जनूला शोधलं. सापडला नाही. आठवड्याने शेजारच्या गावाच्या वाळूवर आला. डबा होडीवर असता, बटण दाबलं असतं, तर कदाचित जगला असता. हे मी लपवत नाही. आमचं पाप आम्ही जनूच्या आईच्या पायावर डोकं ठेवून कबूल केलं. म्हातारी म्हणाली, "तुमी तुमच्या जागा दिल्यात रे पोरांनो. आणि काय देतलात?"

तुम्ही त्याच आठवड्यात माइकसमोर उभे राहिलात. अडाणीपणा म्हणालात. पुढच्या महिन्यात अरविंदची मुदत संपली. जायच्या आधी तो तुम्हाला विचारायला आला, खुणा पुसल्या का. तुम्ही म्हणालात, पुसल्या. मीच भाषांतर केलं. त्याने तुमच्याशी हात मिळवला. बंदरावर गावाने त्याच्या हातात नारळ दिला, त्याने तो समुद्राला वाहिला. बुधाजी आणि भिवा एकाच होडीत बसून त्याला निरोप द्यायला गेले होते. भांडतच गेले.

आणि मग ट्रॉलर आले.

याआधी ते हुंगत हुंगत यायचे. या वेळी भरदिवसा सरळ आले, दोरी बांधून ओढल्यासारखे. इब्राहीमचाचांची जागा. पास्कूने उरलीसुरली म्हणून धरलेली दुसरी जागा. डोळे मिटून दाखवलेली ती जागा. एकेक करून खरवडून काढल्या. ज्या तांडेलाने त्या दुपारी तापामुळे घरी राहून काही दाखवलं नव्हतं, त्याच्या जागेला कुणी हात लावला नाही.

आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, समुद्र सगळ्यांचा आहे, ट्रॉलरवाल्यांकडेही आधुनिक यंत्रं आहेत, मासा त्यांनाही दिसतो. पुरावा काय? असं विचारलंत. आमच्याकडे नव्हता. आम्ही माघारी फिरलो. अरविंदला फोनवर सांगितलं. त्याने त्याच्या सरकारला विचारलं, त्याच्या सरकारने तुमच्या सरकारला विचारलं, तुमच्या सरकारने सहकार्याबद्दल आभार मानले.

पुरावा मला अलीकडे मिळाला. संतूकडून. कुणाच्या तरी साखरपुड्याला बसलो होतो. जुन्या गोष्टी निघाल्या, तसा संतू मान खाली घालून म्हणाला, "वामनदादा, त्या दिसा मी खोटा बोललंय."

"काय खोटा?"

"माजी जागा मी दाकवलंयच नाय. बोट पुढे केलंय आणि तोंडातसून खोटाच इला. सवयीन. मी दाकवलंय ती खडकाची जागा. थंय जाळा टाकला तर चिंध्या होतत. भिवा थंय नसतलो ह्याची माका खात्री होती, म्हणान जीवाक धोको नव्हतो. पण खोटा ता खोटा. शालनवैनीन एवढा बोलल्यान तरी माज्या तोंडातसून खरा येयना."

भिवा शेजारीच बसला होता. तो आधी हसायला लागला. मग एकदम थांबला. मीही थांबलो. आम्हा दोघांनाही एकच आठवलं होतं. त्या वर्षी एक बडा ट्रॉलर त्या खडकांवर गेला होता. जाळ्याच्या चिंध्या घेऊन बंदराला लागला आणि आख्खं गाव टाळ्या पिटत बघायला गेलं होतं. आम्ही म्हटलं होतं, मूर्ख तांडेल.

साहेब, त्या खडकांवर मासा कधीच नव्हता. कुठल्याही आधुनिक यंत्रात तो दिसला नसता, कारण तिथे दिसायला काही नाही. तिथे आमचं पोरसुद्धा जाळं टाकत नाही. ती जागा समुद्रात नव्हती. ती एका घाबरलेल्या माणसाच्या खोट्यात होती, आणि ते खोटं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, बंद दाराआड, तुमच्या पडद्यावर, तुम्ही शब्द दिल्यावर.

मग ट्रॉलर तिथे कोणी पाठवला? नाव सांगा.